झिगझॅग: सुई काठाबाहेर पडली पाहिजे

आखाजी (अक्षय्य तृतीया) पंधरा दिवसांवर आली की जळगावच्या फुले मार्केटपासून गल्लीतल्या शिलाईवाल्या ताईंपर्यंत कुणालाच वेळ नसतो. ब्लाउज घरी शिवून होतो, पण आतल्या कडा ओव्हरलॉक करायला पिशवी घेऊन पुन्हा बाजार गाठावा लागतो. घरात झिगझॅगचं मशीन असेल तर ही फेरी वाचते. तरी बऱ्याच जणींचं ते बटण एकदा फिरवून बंद पडलेलं असतं, कारण पहिल्याच वेळी कापडाची सुरळी झाली. मग दोष टेन्शनवर, म्हणजे दोऱ्याच्या ताणावर जातो आणि तो बदलणारी चकती उगाच इकडून तिकडे फिरते. खरं तर बहुतेक वेळा सुईच चुकीच्या जागी पडत असते.

आधी मशीनचं. जुनं काळं पायमशीन फक्त सरळ टाका घालतं, कारण त्याची सुई वर-खाली जाते, आडवी हलत नाही. झिगझॅगच्या मशीनमध्ये सुईचा दांडाच डावी-उजवीकडे झुलतो. तो किती झुलायचा ते रुंदीचं बटण ठरवतं, साध्या घरगुती मशीनवर बहुधा 0 ते 5 मि.मी. दोन टाक्यांमध्ये कापड किती पुढे सरकायचं ते लांबीचं बटण ठरवतं, 0 ते 4. काही स्वस्त मॉडेलांवर रुंदीचं वेगळं बटण नसतं. चित्रांतली अरुंद किंवा रुंद नागमोड निवडावी लागते. रुंदी बदलताना सुई कापडाच्या वर हवी. रुतलेल्या सुईवर बटण फिरवलं की सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढच्याच टाक्याला खालच्या पत्र्यावर आपटते.

कापड दाबून धरणारं फूटही तपासा. सरळ शिलाईच्या फुटाला एकच गोल भोक असतं. ते लावून झिगझॅग सुरू केलं की सुई टणकन तुटते आणि तुकडा उडतो. आडव्या खाचेचं फूट हवं, आणि सुईखालच्या पत्र्यालाही आडवीच खाच हवी. फूट बदललं की मोटर लावण्याआधी चाक हाताने आपल्याकडे फिरवून एक पूर्ण डावा आणि एक पूर्ण उजवा टाका घालून बघायचा. या दहा सेकंदांत सुई वाचते.

आता कडा. सुरतेहून येणारं जॉर्जेट आणि सॅटिन कात्री लागताच दशा सोडतं, रुबिया आणि मांजरपाट जरा सबुरीने. सुती कापडाला रुंदी 4, लांबी 2 इथून सुरुवात करा. काठ फुटाच्या मधोमध नको. सुई उजवीकडे झुलली की काठाच्या जेमतेम बाहेर, हवेत पडेल असा ठेवा. डावा टाका कापडात, उजवा हवेत. तेव्हाच दोरा कच्च्या काठाला वळसा घालतो. दोन्ही टाके कापडातच पडले तर नक्षी दिसते, पण बाहेरचे धागे मोकळेच राहतात आणि चार धुण्यांत सुटतात. उलट उजवा टाका फार लांब पडला तर दोरा काठाला आत ओढतो आणि कड वळकटीसारखी गुंडाळते.

पातळ कापडात सुई बरोबर पडूनही सुरळी होते. वरचा आणि खालचा दोरा दोन्ही टोकांना धरून मधलं कापड एकमेकांकडे खेचतात, आणि त्या ओढीला टिकेल एवढा ताठरपणा जॉर्जेटमध्ये नसतो. मग रुंदी 3 वर आणा, वरचं टेन्शन नेहमीच्या 4 वरून 3 किंवा 2 वर घ्या, सुई 11 नंबरची लावा. मशीनवर तीन पायऱ्यांचं झिगझॅग असेल तर तेच बरं: प्रत्येक तिरक्या रेषेत ते तीन छोटे टाके घालतं, त्यामुळे ओढ वाटली जाते. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे काठापासून थोडं आत, सलग कापडावरच झिगझॅग मारायचं आणि बाहेरचं कापड नंतर टाक्याला लागून कापायचं. यात दोरा काठाला वळसा घालत नाही, पण घट्ट विणीच्या कापडावर हे चालून जातं. कात्री मात्र धारेची हवी. एक टाका कापला गेला तर तिथून कड सुटते.

कडांसाठी वेगळं फूटही मिळतं, त्याला एक बारीक तार असते. दोरा त्या तारेवरून वळतो, म्हणून काठ सपाट राहतो. मात्र रुंदी कमी असेल तर सुई नेमकी त्या तारेवर बसते. चाक हाताने फिरवून बघण्याचा नियम इथे दुप्पट लागू.

ब्लाउजच्या बाजूला इंचभर माया (शिलाईच्या आतलं जादा कापड) ठेवायची असेल तर दोन्ही कडा आधी वेगवेगळ्या झिगझॅग करा, मग सरळ टाक्याने जोडून इस्त्रीने फाकवा. पुढच्या वर्षी ब्लाउज सैल करताना फक्त सरळ टाका उसवावा लागतो. परकराला एवढे लाड नकोत. जोडून झाल्यावर दोन्ही थर एकत्र मारले तरी चालतात.

टेन्शन बघायचं तर वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा, आणि त्याच कापडाची वीतभर चिंधी. चिंधी उलटी करा. खालच्या बाजूला प्रत्येक कोपऱ्यावर लाल दोऱ्याचा बारीक ठिपका दिसला तर सगळं ठीक. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचा दोरा फार घट्ट आहे, एक आकडा कमी करा. खाली लाल दोऱ्याचे मोठे फास लोंबत असतील तर चकतीला हात लावण्याआधी वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, फूट वर उचलून. फूट खाली असताना चकत्या आवळलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. जुळलेले आकडे चिंधीवरच पेनने लिहून ठेवा: कापड, सुई, रुंदी, लांबी, टेन्शन. ही चिंधी मशीनच्या पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

टी-शर्ट, लेगिंग अशा होजिअरीला जोडशिलाईच झिगझॅगची घाला: रुंदी 1, लांबी 2.5. लांबून ती सरळच वाटते, पण दोरा किंचित नागमोडी असल्यामुळे ताणलं तरी तुटत नाही. इथे गोल टोकाची सुई लागते. टोकदार सुई विणीचे फास तोडते आणि टाके चुकतात.

काज करताना रुंदी 2, लांबी 0.4 च्या आसपास. बटणाचा व्यास अधिक जाडी एवढी काजाची लांबी: 12 मि.मी.चं, 3 मि.मी. जाडीचं बटण असेल तर 15. दोन्ही टोकांना रुंदी 4 आणि लांबी 0 करून पाच-सहा टाके जागच्या जागी. कापडाखाली बक्रमचा (ताठ कापडाचा) तुकडा नसेल तर कापड सरकवणारे पत्र्यातले दाते ते पुढे ढकलत नाहीत आणि दोऱ्याची गाठ बसते. काजाची फट कापण्याआधी टोकाला आडवी टाचणी टोचा, नाहीतर टाके उसवायची उसवणी थेट पलीकडे जाते.

टाके फक्त एकाच बाजूचे चुकत असतील तर पहिल्यांदा सुई बदला. चपटी बाजू मागे, आणि सुई पूर्ण वर जाऊन टेकली आहे ना ते बघा. मिलिमीटरभर खाली राहिली तरी शटलच्या (बॉबिनभोवती फिरून दोरा पकडणाऱ्या भागाच्या) टोकाला दोरा सापडत नाही. नव्या सुईनेही रुंद टाक्यातच चूक होत असेल तर शटलचं टायमिंग हललेलं असतं, आणि ते मेकॅनिकचं काम. त्याला नेऊन दाखवताना चुकलेल्या टाक्यांची चिंधी सोबत न्या.

आणि रुई. आपल्याकडे गादीच्या खोळी, अभ्रे, गोधडीला ठिगळं हे सगळं घरच्याच मशीनवर होतं. कापसाचा तो भुगा दात्यांखाली नमद्यासारखा घट्ट बसतो, दाते पूर्ण वर येत नाहीत आणि लांबी 2 ठेवूनही टाके एकावर एक पडतात. पत्रा काढून ब्रशने झाडा, फुंकर मारू नका, भुगा आत जातो. पुस्तिकेत तेल घालायला सांगितलं असेल तर शटलच्या कडीवर मशीनच्या तेलाचा एकच थेंब. मग पांढऱ्या चिंधीवर डाग पडायचा थांबेपर्यंत शिवा, त्यानंतरच ब्लाउज हातात घ्या.