पर्सियसचे केस

दुपारची झोप येईना म्हणून टीव्ही लावला, तर ग्रीक दंतकथेतला नायक पर्सियस समुद्रकिनारी उभा. 'क्लॅश ऑफ द टायटन्स', २०१०चा. आधी पाहिलेला होता, पण असल्या चित्रपटांत कुठूनही शिरता येतं. या खेपेला नजर अडकली ती त्याच्या डोक्यावर. बाकीच्यांच्या दाढ्या-जटा वाऱ्यावर उडताहेत आणि याचे केस मशीन फिरवल्यासारखे बारीक. कोळ्याच्या होडीत वाढलेला पोरगा, वर आकाशात बाप झ्यूस, देवांचा राजा, खाली पाताळात काका हेडिस. मग हे केस कापले कुणी? राक्षस मला पटतात, उडता घोडा पटतो. केस काही पटेनात. पुढचा अर्धा तास मी केसच बघत बसले.

मूळ कथेला धरून राहा, असं माझं म्हणणं नाही हं. मूळ म्हणून बोट ठेवावं असं तिथे फारसं काही नसतंच. ज्या १९८१च्या चित्रपटावरून हा काढला, त्यातच क्राकेन हा समुद्री राक्षस होता, आणि क्राकेन पडला नॉर्वेकडच्या खलाशांच्या गप्पांतला. ग्रीकांच्या समुद्रात तो शिरला कसा, हे त्यालाच ठाऊक. उडता घोडा पेगॅसस जन्मतो मेड्युसाच्या, म्हणजे जिच्याकडे पाहणारा दगड होतो त्या राक्षसीच्या, तुटलेल्या मानेतून, पण दोन्ही चित्रपटांत तो आधीपासूनच हजर. आणि मेड्युसा! पडद्यावरचे राक्षस घडवणाऱ्या रे हॅरीहाउसेनने १९८१मध्ये तिला कमरेखाली सापाचं अंग दिलं, शेपटीला खुळखुळा दिला. ती होती बाहुली, एकेका फ्रेमला कणकण हलवलेली. मशालीच्या थरथरत्या उजेडात तो खुळखुळा वाजला की अजूनही मी पाय वर घेते. नव्या मेड्युसालाही कमरेखाली सापच. म्हणजे नक्कल केली ती दंतकथेची नाही, बाहुलीची. जुन्या चित्रपटातलं यांत्रिक घुबड मात्र नव्यात क्षणभर दिसतं, पर्सियस ते हातात घेतो, आणि त्याला सांगतात, राहू दे ते. मला ते घुबड आवडायचं.

खटकतो तो नव्या नायकांचा तोरा. झ्यूसने पाठवलेली तलवार नवा पर्सियस हातात धरायला तयार नाही. देव म्हणून नाही, माणूस म्हणून लढणार म्हणे! ग्रीक कथेतल्या पर्सियसला असले रुसवे परवडत नव्हते. पॉलिडेक्टीस राजाचा डोळा त्याच्या आईवर, पोरगं मध्ये नको, म्हणून त्याने मेड्युसाचं डोकं आणायला पिटाळलेलं. पर्सियसने मिळेल ती मदत घेतली. हर्मिस देवाकडून कोयता, अप्सरांकडून पंखांच्या चपला, अदृश्य करणारी टोपी, डोकं ठेवायला झोळी. आणि काम झाल्यावर चपला, टोपी, झोळी सगळं परत केलं! मागून आणलेली वस्तू परत करणारा नायक पडद्यावर कधी पाहिलाय का कुणी?

मी घरातलं शेंडेफळ. सगळ्यांनी विसरलेल्या वस्तू आणायला जायचं ते मीच. त्यामुळे ब्रिटनच्या दंतकथेतल्या आर्थर राजाच्या गोष्टीतलं एकच पान माझं खास होतं. मॅलरी या इंग्रज लेखकाच्या आर्थरकथांच्या ग्रंथात, १४८५ साली छापलेल्या, ते असं येतं: 'के' नावाचा मोठा भाऊ झुंजीला निघतो आणि तलवार घरीच विसरतो. धाकट्याला म्हणतो, जा, घेऊन ये. आर्थर परत जातो तर घराला कुलूप, सगळी माणसं झुंज बघायला गेलेली. चर्चच्या आवारात एका दगडात तलवार रुतलेली त्याला आठवते, जो उपसेल तो राजा अशी. भावाची अडचण नको म्हणून ती उपसतो आणि नेऊन देतो. झालं. भविष्यवाणी ऐकून तो तिथे गेलेला नाही. तो कामाला गेलाय.

ही गोष्ट मी दादाला मोठ्या आवाजात वाचून दाखवली होती, मुद्दाम. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मोठ्याचं काय झालं?" पुढे वाचून बघितलं. 'तलवार मीच उपसली' असं के आधी सांगतो, बापाने शपथ घातल्यावर कबूल करतो, आणि आर्थर त्याला राजवाड्याचा कारभारी नेमतो. "म्हणजे धाकटा गादीवर आणि मोठा कोठारावर?" दादा म्हणाला. त्या दिवसापासून त्याला ती गोष्ट आवडेनाशी झाली, तरी कामं मात्र तो सांगतच राहिला.

२०१७च्या 'किंग आर्थर: लेजंड ऑफ द स्वोर्ड'मध्ये तलवार विसरणारा भाऊ नाही. तिथे तरुणांना धरून आणतात, रांगेत उभं करतात आणि एकेकाला दगडापाशी ढकलतात. मूठ कशी धरायची ते सांगायला फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम. मालिकेचे म्हणे सहा चित्रपट ठरले होते. पहिल्यावरच गाडी थांबली.

आर्थरच्या गोष्टीच्या शेवटीही एक काम आहेच. शेवटच्या लढाईत जखमी झालेला राजा आपल्या बेडिव्हिअर या सरदाराला सांगतो, माझी तलवार नेऊन पाण्यात टाक. बेडिव्हिअर जातो, मुठीवरची रत्नं बघतो, तलवार झाडाखाली लपवून परत येतो. राजा विचारतो, काय दिसलं? लाटा आणि वारा, दुसरं काही नाही. राजा पुन्हा पाठवतो. पुन्हा तीच थाप. दुकानापर्यंत न जाताच 'बंद होतं' म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला हे उत्तर पाठ असतं. तिसऱ्या वेळी तो खरोखर फेकतो, तेव्हा पाण्यातून एक हात वर येतो, तलवार झेलतो, तीनदा हलवतो आणि आत जातो.

एवढ्यावर कुणी दोन तासांचा चित्रपट काढेल असं वाटत नाही. लढाई तर केव्हाच संपलेली असते, आणि राजाला नुसतं पडून वाट बघायची असते.