डफ, मुंग्या आणि उंबर

आज सकाळी अंजनेरीच्या पायथ्याला आम्ही नऊ जण सतरंज्या टाकून बसलो होतो, शमनिक प्रॅक्टिस शिकायला, म्हणजे डफाच्या तालावर तंद्रीत जाऊन आत्म्यांशी बोलणाऱ्या शमन लोकांची पद्धत. घरी ट्रेक सांगून गेले, आईला शमन काय समजावणार!

डोळे मिटायचे, शिकवणारी ताई डफ वाजवणार, सेकंदाला चारेक ठोके, एकच लय, आणि मन कुठे जातंय ते नुसतं बघायचं. माझं गेलं गॅस बंद केला का तिकडे. मग मुंग्या चावल्या. पण नंतर कधीतरी डफ ऐकूच येईना, फक्त उंबराची पानं, आणि एक पिकलेलं उंबर टपकन ओढणीवर पडून फुटलं, आत बारीक किडे वळवळत होते आणि मला किळसच नाही आली. मला!! झुरळ बघून खुर्चीवर चढणारी मी.

नंतर गोल करून बसलो. एका काकांना बोलता बोलता रडू आलं, कुणी काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली फक्त.

शमन हा शब्द मूळचा सैबेरियातल्या एवेंकी लोकांचा, असं ताई सांगत होती, तर ग्रुपमधला सुरगाण्याचा कोकणा आदिवासी दादा हसायलाच लागला. म्हणे आमच्याकडे भगत आहे की, थाळीवर मेणाने काडी उभी चिकटवतो, तिच्यावरून बोटं ओढत सूर काढतो आन् रात्रभर कथा गातो, मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवाला या सगळे. आणि आम्ही इथे दीड हजार फी भरून बसलेलो, सुरगाणा दोन-अडीच तासांवर!

जाणारे. आईला खरं सांगून.

ओढणीचा डाग अजून निघाला नाहीये.