कोल्हापुरात भेटलेल्या सुभद्राकुमारी

महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला जाताना पिशवीत सुभद्राकुमारी चौहान यांच्या निवडक कवितांचं पुस्तक घेतलं होतं. अलाहाबादजवळच्या निहालपूरचा जन्म, जबलपूरचा संसार, नागपूरचा तुरुंग. अशा हिंदी कवयित्रीचं कोल्हापूरशी काय नातं, असं कुणालाही वाटेल. पण माझी मामेबहीण कोल्हापूरच्या एका शाळेत हिंदी शिकवते, आणि तिनेच फोनवर सांगितलं होतं, "त्यांची 'झाँसी की रानी', ती झाशीच्या लक्ष्मीबाईवरची कविता, वाचायची तर इथं येऊन वाच. मग बघ कशी कळते."

स्टेशनवरून ताईने आधी कावळा नाक्यालाच नेलं. घोड्यावर स्वार झालेल्या, तलवार उपसलेल्या ताराराणींचा तो पुतळा. खालून केएमटीच्या (शहराच्या परिवहन सेवेच्या) बसेस, रिक्षा, उसाच्या ट्रॉल्या जात असतात आणि वर ही बाई थेट लढाईत. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणी पंचविशीच्या होत्या. पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाला दमवलं. 'दिल्ली झाली दीनवाणी' असं त्यांच्या काळातल्या कवीने लिहून ठेवलंय. ताई म्हणाली, "आमच्या पोरींना घोड्यावरची राणी ही काही धड्यातली गोष्ट वाटत नाही. शाळेला येता-जाता दिसते त्यांना."

तिथून भवानी मंडप. अंबाबाईचं दर्शन घेतलं, मग मंडपातल्या तुळजाभवानीपाशी आलो. तिथल्या ओट्यावर बसून मी कविता पुन्हा वाचली आणि एरवी नजरेखालून निसटलेल्या दोन गोष्टी थेट समोर आल्या. सुभद्राकुमारींची छोटी लक्ष्मीबाई शिवाजी महाराजांच्या गोष्टी तोंडपाठ म्हणते. आणि तिची आराध्य देवी कोण, तर महाराष्ट्राची कुलदेवी भवानी. उत्तरेतल्या ठाकूर घराण्यात वाढलेल्या या कवयित्रीने तांब्यांच्या मनूचं, म्हणजे लग्नाआधीच्या लक्ष्मीबाईचं, माहेरपण इतक्या नेमकेपणाने जपलंय. ही गोष्ट आपण बुंदेलखंडातल्या हरबोल्यांच्या, म्हणजे तिथल्या लोकगायकांच्या, तोंडून ऐकली, असं त्या कडव्याकडव्याला सांगतात. म्हणजे इतिहास गाणाऱ्यांकडून घेतलेला. पोवाड्यांवर वाढलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. डफावर थाप पडली की पन्हाळा, पावनखिंड इथे आपोआप उभी राहते.

इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने गिळलेल्या संस्थानांची कवितेत यादी आहे. नागपूर आहे, सातारा आहे. कोल्हापूर नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण हे संस्थान खालसा झालं नव्हतं. पण ३१ जुलै १८५७ च्या रात्री इथल्या पलटणीने बंड केलं, आणि छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना त्यापायी कराचीला नेऊन ठेवलं गेलं. तिथेच ते वारले. त्यांच्या नावाच्या चौकातून जाताना मला फार वाटलं, की हे नावही कुणीतरी असंच गाऊन घरोघर पोचवायला हवं होतं.

दुपारी ताईच्या घरी तांबडा-पांढरा झाला आणि गप्पा सुरू झाल्या त्या सुभद्राकुमारींच्या आयुष्यावर. खरं तर मला त्यांच्या कवितेइतकंच हे आयुष्य भुरळ घालतं. १९०४ सालचा जन्म. अलाहाबादच्या क्रॉस्थवेट शाळेत असताना वसतिगृहातली एक धाकटी मुलगी गुपचूप कविता लिहिते हे त्यांनी शोधून काढलं आणि तिला हाताला धरून सगळ्यांसमोर उभं केलं. ती मुलगी म्हणजे पुढे हिंदीतल्या मोठ्या कवयित्री झालेल्या महादेवी वर्मा. १९१९ मध्ये खांडव्याच्या लक्ष्मणसिंह चौहानांशी लग्न झालं, दोघं जबलपूरला आली आणि असहकाराच्या चळवळीत उतरली. १९२३ चा झेंडा सत्याग्रह, म्हणजे बंदी झुगारून राष्ट्रध्वज मिरवण्याचा लढा, जबलपुरात पेटला आणि नागपुरात फोफावला. तिथे अटक झालेल्या त्या पहिल्या महिला सत्याग्रही. वय जेमतेम अठरा-एकोणीस! पुढे १९४२ मध्ये पुन्हा तुरुंग.

त्यांची राणी मर्दानी म्हणून गाजली, पण त्यांच्याच जालियनवाला बागेवरच्या कवितेचा सूर किती हळवा आहे. इथे यायचं तर हळू पावलांनी ये, असं त्या वसंत ऋतूला विनवतात. 'बिखरे मोती'मधल्या कथा तर घरात कोंडलेल्या बायकांच्या आहेत. मला वाटतं, लढाईवर लिहिणारी ही बाई घरातल्या अन्यायाबद्दल जास्त कठोर होती. मुलगी सुधा हिचं लग्न प्रेमचंदांच्या मुलाशी, अमृतरायांशी झालं. जात वेगळी. त्या लग्नात सुभद्राकुमारींनी कन्यादान करायला साफ नकार दिला. माणसाने माणसाचं दान कसं करायचं, हा त्यांचा सवाल होता.

हे ऐकून ताईच्या सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. म्हणाल्या, "आमच्या शाहू महाराजांनी विधवांच्या लग्नाचा कायदा केला होता. सुनेला शिकवलं, तेबी नवऱ्यामागं." खरंच आहे ते. पुनर्विवाहाचा कायदा १९१७ चा. १९१८ मध्ये राजपुत्र शिवाजी गेल्यावर इंदुमतीदेवींना महाराजांनी घरच्यांचा विरोध असूनही सोनतळीला ठेवून शिकवलं. सासूबाईंना ही माहिती पुस्तकातून मिळालेली नाही. त्यांच्या आईने सांगितलेली.

संध्याकाळी शिवाजी चौक. शिवाजी महाराजांचा हा पुतळा बाबूराव पेंटरांनी घडवलेला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आधी त्या जागी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे या दोघींनी तो विद्रूप केला. पुढे क्रांतिकारकांनी फोडलाच. भर चौकात, पहारा असताना दोन बायका हे करतात, तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल? सुभद्राकुमारी तेव्हा तिकडे तुरुंगात होत्या. या तिघींना एकमेकींचं नावही ठाऊक नसणार. पण मला त्या चौकात उभं राहून तिघी एकाच मोर्चातल्या वाटल्या, आणि ताईला मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मग मुलांना हे शिकवताना मी नुसती कविताच का घेते? कवितेखाली कवयित्रीचा चार ओळींचा परिचय असतो, तो परीक्षेपुरता. जेलमध्ये गेल्याचं एकाही पोराला सांगता येणार नाही."

मग आम्ही कितीतरी वेळ त्यावरच बोलत राहिलो. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ही बाई आमदार होती. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटारीच्या अपघातात त्या गेल्या. वय अवघं त्रेचाळीस. स्वातंत्र्याचे सहा महिने मिळाले त्यांना. ज्या देशासाठी संसार आणि लेखणी दोन्ही पणाला लावली, त्याची राज्यघटनाही त्यांनी पाहिली नाही. याचा मला आजही राग येतो, कुणावर ते सांगता येत नाही.

जबलपूरला त्यांचा पुतळा आहे. १९४९ मध्ये त्याचं अनावरण महादेवींनी केलं, त्याच वसतिगृहातल्या धाकट्या मैत्रिणीने. दिवाळीच्या सुटीत ताई आणि मी तिथे जाणार आहोत. तिकिटं नागपूरमार्गे काढायची ठरवलीयत, म्हणजे झेंडा सत्याग्रह झाला ते गावही वाटेत पाहता येईल.