घरपट्टीची हरकत आणि दुकानाची पाटी

साताऱ्यात व्यंकटपुरा पेठेत आमचे जुने माडीचे घर आहे. घरपट्टीच्या फेरआकारणीच्या वर्षी नगरपालिकेकडून त्या घराची विशेष नोटीस आली, तेव्हा मी तिचा फक्त शेवटचा रकाना वाचला, आकडा पाहून घरभर संताप केला आणि नोटीस फ्रीजवर ठेवून दिली. हरकत घेण्यासाठी असलेल्या ३० दिवसांपैकी पहिले ८ दिवस या संतापातच गेले. शेजारचे अण्णा परगावच्या नगरपालिकेत कर विभागात नोकरी करून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी नोटीस मागवून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सूनबाई, शेवटचा आकडा सोडून द्या. वरचे रकाने वाचा. हरकत तिथे असते."

नगरपालिकांच्या १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे मालमत्तांची फेरआकारणी साधारणपणे दर ४ वर्षांनी करावयाची असते, आणि ती घराच्या बाजारभावावर नव्हे तर वार्षिक भाडेमूल्यावर होते, हे मला त्या दिवशी नीट कळले. घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे आले असते, याचा अंदाज क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवरून बांधतात, दुरुस्तीखातर त्यातून १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर बसवतात. म्हणजे वार्षिक भाडे १०,००० रुपये धरले, तर कर ९,००० वर बसतो. या हिशेबात दराशी भांडण्यात अर्थ नसतो, कारण दर साऱ्या विभागाला एकच असतो. ज्याबद्दल आपल्याला बोलता येते ते मोजमाप, बांधकामाचा प्रकार आणि वापर. अण्णांच्या मते "कर फार वाढला आहे" या वाक्याला हरकत म्हणत नाहीत, गाऱ्हाणे म्हणतात.

वरचे रकाने वाचल्यावर दोन गोष्टी दिसल्या. रस्त्याकडची खोली 'दुकान' म्हणून, बिगरनिवासी वापरात, लागली होती. आणि माडीवरचा माळा हा पूर्ण दुसरा मजला धरला गेला होता. यात दोष द्यायचा तर तो आम्हालाच द्यावा लागेल. त्या खोलीत आमच्या काकांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, आयुष्यभर शिलाईचे दुकान चालवले. दृष्टी अधू झाल्यावर त्यांनी काम थांबवले, खोलीत त्यांचीच कॉट आली, पण दुकान बंद झाल्याचे आम्ही कोणालाही लेखी कळवले नाही, आणि दारावरची निळी पत्र्याची पाटीही उतरवली नाही. मोजणीसाठी माणसे आली त्या दिवशी आम्ही सगळे लग्नाला गावी गेलो होतो. कुलूपबंद दारावर टेलरची पाटी आणि वर कौलांखाली खिडक्यांची एक जास्तीची रांग, एवढेच त्यांना रस्त्यावरून दिसले, आणि दिसले ते त्यांनी लिहिले. मी त्यांच्या जागी असते तर वेगळे काय लिहिले असते?

बिगरनिवासी नोंदीचा भार दुहेरी असतो, हेही बिल उलगडून पाहिल्यावर समजले. भाडेमूल्याचा दर तर चढा असतोच, पण राज्य शासनासाठी नगरपालिका जे कर गोळा करते त्यांतला शिक्षण कर जास्त दराने लागतो, आणि निवासी घराला नसलेला रोजगार हमी कर वेगळा येऊन बसतो. एका १० फुटी खोलीमुळे बिलात एक जादा ओळच बसली होती.

रविवारी मी आणि माझ्या मुलाने टेप घेऊन घर मोजले. दुकानाची खोली आतून ९ फूट ६ इंच गुणिले ११ फूट, म्हणजे ९.७१ चौरस मीटर भरली, नोटिशीत १२.७७ होते. मला वाटले, तिसरी चूक सापडली. अण्णांनी भिंतीवर हात ठेवला आणि विचारले, "ही केवढी?" दगड-मातीची भिंत दीड फुटाची निघाली. बाहेरून मोजले की नोटिशीतला आकडा बरोबर येत होता. तरीही मी तो मुद्दा हरकतीत घातला, कारण तेव्हा मला माघार घ्यायची नव्हती. माळ्याचे माप मात्र मनापासून घेतले: आढ्याखाली ६ फूट ४ इंच, आणि वळचणीकडे उतरत उतरत अवघे अडीच फूट. टेपचे टोक धरून मुलगा गुडघ्यांवर सरकत गेला, तेव्हा त्याच्या केसांत वीस वर्षांची जळमटे अडकली. त्याला मी तशाच अवस्थेत उभा केला आणि फोटो काढला. माणूस कुठे वाकतो हे आकड्यापेक्षा फोटोत चटकन कळते.

हरकतीचा अर्ज एका पानाचा झाला. सुरुवातीला मालमत्ता क्रमांक आणि नोटीस क्रमांक, मग तीन मुद्दे, प्रत्येकापुढे कोणता कागद जोडला आहे ते. दुकान बंद असल्याचा कागद आणायचा कुठून, हा प्रश्न अवघड होता, कारण दुकान उघडल्याचे परवाने लोक जपतात, बंद केल्याचे कागद कोणी करून ठेवत नाही. शेवटी उपयोगी पडले ते विजेचे बिल. काकांनी काम थांबवल्यावर खोलीचा व्यापारी मीटर आम्ही घरगुती करून घेतला होता, तोही केवळ बिल कमी यावे म्हणून. त्याच्या आधीची आणि नंतरची दोन बिले, काकांचे साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि फोटो असे सारे जोडले. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एक आवक कक्षात दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. आवक क्रमांक मिळेपर्यंत तिथून हलायचे नाही, एवढी एकच ताकीद अण्णांनी दिली होती.

सुनावणीला गेले तेव्हा सभागृहात पन्नासेक माणसे होती. समोर बसलेले प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी, म्हणजे आकारणी ठरवणारे अधिकारी, नगररचना विभागाचे, म्हणजे राज्य शासनाचे होते, हे बहुतेकांना ठाऊक नसावे, कारण माझ्या आधीच्या सहा जणांपैकी चौघांनी त्यांना पाण्याचा दाब, गटार आणि गल्लीतली कुत्री यांबद्दल ऐकवले. अधिकारी शांतपणे एकच विचारत होते, "मापाबद्दल काही म्हणणे आहे का?" एका आजोबांनी नोटिशीवर आपल्या दिवंगत भावाचे नाव असल्याची तक्रार केली. त्यांना सांगण्यात आले की नाव बदलण्याचा अर्ज वेगळा असतो, आणि घरपट्टीवर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका पाहावी लागते. आजोबा खाली बसले, पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

माझी पाळी दोन मिनिटांत आटोपली. भिंतीचा मुद्दा अधिकाऱ्यांनी तिथेच फेटाळला: मापे सर्वांचीच बाहेरून घेतली आहेत, तुमचे एकटीचे आतून कसे घ्यायचे? मला हे पटले, आणि तो मुद्दा लिहिल्याची थोडी लाजही वाटली. विजेची दोन्ही बिले त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, फोटोवर किंचित हसले आणि शेऱ्यात 'स्थळपाहणी' असे लिहिले.

पाहणीला आलेले लिपिक तरुण होते. आदल्या संध्याकाळी आम्ही पाटी उतरवली होती, पण चुन्याच्या भिंतीवर तिच्या जागी फिकट चौकोन आणि चार गंजके खिळे राहिले होते, आणि त्यांची नजर आधी तिथेच गेली. "ताई, पाटी काल काढली का?" त्यांनी विचारले. मी खरे सांगितले. ते आत आले, कॉटवर बसलेल्या काकांना नमस्कार केला, कोपऱ्यातले झाकलेले शिलाई मशीन पाहिले, पायडलवरची धूळ बोटाने पुसून पाहिली आणि काही न बोलता लिहू लागले. मागच्या अंगणातल्या दगडी हौदापाशी मीच धास्तावून विचारले, हा पण लागतो का? "उघडा हौद आहे, त्याला छप्पर कुठंय?" ते म्हणाले, आणि साताऱ्यातल्या जुन्या खापरी नळांबद्दल आपल्या आजोबांकडून ऐकलेले काहीबाही सांगत जिना चढले. माळ्यावर त्यांनी स्वतः टेप लावला. वळचणीकडे तेही वाकले.

निर्णय आला तो आमच्या बाजूने पूर्ण नव्हता. खोली निवासी झाली आणि रोजगार हमी कराची ओळ गेली. माळ्याचा उतरता भाग वगळला, पण आढ्याखालचा, पक्का जिना असलेला आणि माणूस उभा राहू शकेल एवढा पट्टा कायम ठेवला. मागच्या वर्षांत दुकानाच्या दराने भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, हे तोंडी सांगण्यात आले, आणि न कळवल्याचा आळस आमचाच असल्याने मी ते वाढवले नाही. पुढे अपिलाचा मार्ग होता, पण त्या पट्ट्यासाठी तो धरावा असे मला वाटले नाही, कारण तिथे आमच्या पापडांचे डबे, गाद्या आणि गणपतीची मखरे खरोखरच राहतात.

नव्या आकारणीचे बिल भरून आले त्या दिवशी काकांनी पाटी कुठे आहे असे विचारले. ती मी कपाटामागे उभी करून ठेवली होती. लिपिक जाताना म्हणाले होते, "आत लावा की, रस्त्यावरून दिसली नाही म्हणजे झालं." आता ती मशीनच्या वरच्या भिंतीवर आहे, आणि दिसत नसले तरी काका सकाळी हात लावून ती सरळ आहे का ते पाहतात.