इंदूरला काम निघालं की

पुण्या-मुंबईहून कामाला येणाऱ्या माणसाचं इंदूर विजयनगरच्या हॉटेलात सुरू होतं आणि शेवेच्या पाकिटांची पिशवी भरली की संपतं. मधे दोन दिवस मीटिंगा. घरी कुणी विचारलं, कसं आहे इंदूर, तर उत्तर ठरलेलं : "स्वच्छ आहे." लग्नाला जाऊन यावं आणि मांडव चांगला होता म्हणून सांगावं, तसं हे झालं.

खरं तर कामाला आलेल्या माणसाइतकं सोयीचं इंदूर कुणालाच नाही. त्याच्या हातात उरतात सकाळचे दोन तास आणि रात्री नऊनंतरचे. हे गाव रंगात येतं ते नेमकं त्याच वेळांना. लालबाग पॅलेस सोडला, तर दहा ते सहाच्या मीटिंगेत इथलं फारसं काही हुकत नाही.

आधी मुक्कामाचं बघू. काम पिथमपूरच्या कारखान्यात असेल तर ते शहराच्या नैऋत्येला, साधारण तीस किलोमीटरवर. विजयनगर अगदी दुसऱ्या टोकाला. तिथे खोली घेतली की रोज दोनदा अख्खं शहर पार करायचं आणि पोह्यांची तहान गाडीतल्या बिस्किटांवर भागवायची. राजवाड्याच्या आसपासची खोली जरा साधी असेल, पण रात्री बारा वाजताही परतायची चिंता नाही. स्वतःच्या खर्चाने एखादी रात्र वाढवायची असेल तर ते चेक-इनलाच सांगावं आणि दोन बिलं मागावीत, एक कंपनीच्या नावाने, एक आपल्या. निघायच्या वेळी मागितली तर नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर अडतं, आणि एकत्र बिल अकाउंट्समध्ये गेलं की पुढचे तीन महिने ई-मेल.

सकाळी हॉटेलातला फुकटचा नाश्ता टाळायचा, एवढा निग्रह पुरे. आठच्या आत पोह्यांच्या ठेल्यापाशी जावं आणि पोह्यांच्या आधी परातीखाली बघावं. खाली भल्यामोठ्या पातेल्यात पाणी खळखळत असतं आणि त्याच्या तोंडावर परात. म्हणजे पोहे आचेवर नसतातच, वाफेवर असतात. आपले कढईतले कांदेपोहे थोड्या वेळात वातड होतात, कारण आच त्यांच्यातलं पाणी ओढत राहते. इथे वाफ ते परत देत राहते, म्हणून सातचे पोहे दहालाही मऊ. जाड पोहे चाळणीत धुऊन नीट निथळावे लागतात. पाणी राहिलं की त्याच वाफेवर लगदा. फोडणीत बडीशेप, साखर सढळ, तेल बेताचं. कांदा कच्चा आणि वरून. मग शेव, जीरावन नावाचा इथला कोरडा मसाला, लिंबू. जिलबी शेवटी गोड म्हणून राखून ठेवणारा माणूस बाहेरगावचा, हे लगेच ओळखू येतं. इथे एक घास पोहे आणि एक तुकडा जिलबी, असं आलटून पालटून चालतं. राजवाड्याकडे उसळ-पोहेही मिळतात. मिसळीवर वाढलेल्या जिभेला तिथे माहेर भेटतं.

करखात्याशी काम असेल तर मात्र दिवसाही नशीब उघडू शकतं. इथल्या केंद्रीय जीएसटी आयुक्तालयाचा पत्ता आहे माणिकबाग पॅलेस. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून बांधून घेतलेला हा महाल, सरळ रेषांचा, ना कमान ना कळस. आतलं मूळ फर्निचर 1980 साली मोनॅकोत लिलावात गेलं. याच यशवंतरावांनी शिल्पकार ब्रांकुशीकडून पक्ष्यांची तीन शिल्पं विकत घेतली आणि त्यांच्यासाठी एक मंदिर बांधायचं घाटलं. त्यासाठी ब्रांकुशी 1937च्या अखेरीस पॅरिसहून इंदूरला आला. मंदिर झालंच नाही. त्यातले दोन संगमरवरी पक्षी आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. कामासाठी इंदूरला येऊन काम न होता परतलेल्यांत यापेक्षा मोठं नाव सापडणं कठीण, तेव्हा ऑर्डर हुकली म्हणून फार वाईट वाटून घेऊ नये.

रात्री सराफा. तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे असा राजवाडा डोळे भरून पाहावा आणि मागच्या गल्लीत शिरावं. दिवसा हा सोन्या-चांदीचा बाजार. आठ-साडेआठला शटरं खाली येऊ लागतात आणि त्याच दुकानांपुढे शेगड्या लागतात. रात्रभर वर्दळ राहिली की दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं सांगतात. जागेच्या भाड्यावर दिवसभर स्लाइडी पाहून आलेल्या माणसाने दहा मिनिटं नुसतं उभं राहून ही पाळी बदलताना पाहावी. प्रेरणा वगैरे शब्द मला जरा अवजड वाटतात, पण एक जागा आणि दोन धंदे हे गणित इतकं उघड मांडलेलं दुसरीकडे क्वचित दिसतं.

इथे फसायला होतं ते दोन कारणांनी : हॉटेलात जेवून येणं, आणि पहिल्याच ठेल्यावर भरलेली प्लेट घेणं. दोघांत एक प्लेट, हा नियम. भुट्ट्याचा कीस, म्हणजे तुपा-जिऱ्याच्या फोडणीवर दुधात शिजवलेला किसलेला मका, चविष्ट पण जड. थंडीत गराडू : हा कंद तळून ठेवतात आणि मागितला की तुकडे करून पुन्हा तळतात, वर लिंबू आणि जीरावन. साबुदाण्याची खिचडीही इथे वाफेवरची, मसाला वरून कालवलेला. एकादशीला ती चालते का, हा वाद तिथे उभ्याने घालू नये. दहीवड्याच्या एका प्रसिद्ध दुकानात द्रोण हवेत उडवून झेलतात. गर्दी द्रोणाकडे बघते, आपण बोटांकडे बघावं. एकाच चिमटीत चार-पाच मसाले उचललेले असतात आणि एकेक बोट सैल करत ते वेगवेगळे सोडले जातात. शिकंजी सगळ्यात शेवटी. लिंबूपाणी समजून मागणारे चकित होतात, कारण इथली शिकंजी आटीव दुधाची, सुकामेव्याची, किंचित आंबूस. ग्लासभर प्यायली की पोटात पुढे कशाला जागा नाही. आणि हो, दुसऱ्या दिवशीचं पहाटेचं विमान घेऊ नये.

वाढवलेला दिवस महेश्वरला द्यावा. नव्वदेक किलोमीटर, सकाळी साडेसहाला निघालं की ऊन तापायच्या आत घाटावर. नकाशात मांडूही जवळ दिसतं, पण एका दिवसात दोन्ही केलं की दोन्ही अर्धं होतं, मांडू पावसाळ्यासाठी ठेवावं. महेश्वरला किल्ल्याच्या भिंतीवरची नक्षी आधी नीट बघून ठेवावी आणि मग विणकरांकडे जावं. चटई, विटांची रांग, हिरा, नर्मदेची लहर, सगळं साडीच्या काठांवर पुन्हा भेटतं. उभा धागा रेशमी आणि आडवा सुती, म्हणून साडी हलकी. घेताना काठ उलटून बघावा. खऱ्या बुगडी काठाला सुलट-उलट नसतं. तिचं बिल तेवढं कंपनीच्या पाकिटात जाऊ देऊ नये.