बकुळीचे डोळे मोकळे ठेवताना

गुहागरसारख्या ठिकाणी लांब केसांचं कुत्रं सांभाळायचं, तर सगळ्यात जास्त निगा डोळ्यांभोवतीच्या केसांची घ्यावी लागते. खारा वारा, वाळू, चार महिन्यांची ओल आणि पाऊस सरला की कुसळं. सगळं त्या केसांत अडकतं आणि केसांवाटे डोळ्यात जातं.

आमची बकुळ शित्झू जातीची. भाची नोकरीसाठी परदेशी गेली आणि बकुळ मुंबईहून आमच्याकडे आली. तेव्हा तिच्या कपाळावरचे केस थेट नाकापर्यंत उतरलेले होते आणि डोळ्यांखाली दोन्हीकडे तांबूस पट्टे. आमच्या अंगणात जांभ्याची तांबडी माती, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटलं की मातीच लागलीय. मी कोमट पाण्याने पुसायला बसले. डाग काही निघेना, पण केस बाजूला केल्यावर दिसलं की उजवा डोळा ती पूर्ण उघडतच नाहीये. पाणी गळत होतं आणि बुबुळावर निळसर धुरकट ठिपका होता.

शेजारच्या काकूंनी मायेने थेंबांची बाटली आणून दिली, त्यांच्या नातवंडांचे डोळे आले होते तेव्हाची. ती मी वापरली नाही, आणि हे मुद्दाम लिहितेय. डोळ्यांच्या कित्येक थेंबांत स्टेरॉइड असतं. बुबुळाला जखम असताना ते पडलं तर जखम भरायची सोडून आणखी खोल जाते, अगदी डोळा गमावण्यापर्यंत.

चिपळूण आमच्यापासून साधारण ४५ किलोमीटर. सकाळीच गाडी करून तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवली, डोळा धुतला, खोलीतला दिवा बंद केला आणि निळा प्रकाश टाकला. बुबुळावर जिथे ओरखडा होता तेवढाच भाग हिरवा चमकला. केस सतत घासून ती जखम झाली होती. शित्झूचा चेहरा चपटा, डोळ्यांची खोबण उथळ, त्यामुळे डोळा बाहेर आलेला असतो. लांब नाकाच्या कुत्र्याला सहज चुकेल असा केस हिच्या थेट बुबुळाला लागतो. तांबूस पट्टे मातीचे नव्हतेच. अश्रूंमध्ये पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, ते केसांवर वाळलं की लालसर तपकिरी होतं. डाग घालवायची पावडर वगैरे काही घेऊ नका, तिथले केस कोरडे ठेवा, एवढंच डॉक्टर म्हणाले.

अँटिबायोटिकचे थेंब, गळ्यात प्लास्टिकची कॉलर आणि पंजा डोळ्याला लागू द्यायचा नाही, असे ते दिवस गेले. जखम भरली. फेरतपासणीला त्यांनी अश्रू मोजायची पट्टीही लावून पाहिली. मिनिटभरात १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजली तर ठीक. या जातीत डोळे कोरडे पडण्याचा त्रास बराच असतो. बकुळीचे अश्रू पुरेसे निघाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग खरं काम सुरू झालं. सासूबाईंचं म्हणणं, "अगो, त्या जातीला डोळ्यांवर केस दिलेत ते काय उगाच? उन्हापासून जपणूक असते ती." असं मानणारे खूप जण भेटतात. मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. केस कापल्याने किंवा वर बांधल्याने डोळ्याला काहीही अपाय होत नाही, उलट कुत्र्याला नीट दिसतं. हे आईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खोबरेल लावून केस चापून बसवायचं सुचवलं. तेही नको म्हटलं, कारण तेलाला धूळ चिकटते आणि ते ओघळून डोळ्यात जातं.

आधी शेंडी बांधून पाहिली. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपासून भांग काढायचा, मधले केस बारीक दातांच्या स्टीलच्या फणीने वर घ्यायचे आणि लेटेक्सच्या छोट्या बँडने बांधायचे. साधं रबर केस तोडतं. बांधून झालं की पुढचे केस बोटाने किंचित सैल करायचे आणि पापणी पूर्ण मिटतेय ना, हे बघायचं. शेंडी ताणून बांधली तर कपाळाची कातडी ओढली जाते, डोळा अर्धवट उघडा राहतो आणि मुळाशी केस जातात. बँड ओढून काढायचा नाही, कात्रीने कापायचा आणि शेंडी रोज सोडून नव्याने बांधायची. हिवाळ्यात हे छान जमलं. पावसाळ्यात मात्र बांधलेले केस आतून सुकेनात, कुबट वास यायला लागला. तेव्हा मी केस आखूड करायचं ठरवलं आणि माझ्या मते किनाऱ्यावर तेच बरं.

कापायला बसतो ते फिरून आल्यावर, ती दमलेली असताना. पडवीत उजेड चांगला असतो. हे तिच्या हनुवटीखालचे केस मुठीत धरतात, त्याने तिचं डोकं स्थिर राहतं. कात्री बोथट टोकांची. पाती चेहऱ्याला समांतर, टोक कधीही डोळ्याच्या दिशेला नाही. कपाळावरचे केस फणीने खाली घेऊन भुवईच्या वर सरळ कापते. सगळ्यात नाजूक जागा नाक आणि डोळ्याचा आतला कोपरा यांच्या मधली. तिथले केस वरच्या दिशेने वाढतात. कापून सोडून दिले, की वाढताना त्यांची खुंटं ताठ उभी राहून बुबुळाला टोचतात. म्हणून तिथे दोनच मार्ग: पुरते वाढू द्यायचे म्हणजे ते आपल्या वजनाने बाजूला पडतात, नाहीतर ठरावीक दिवसांनी न चुकता कापत राहायचं. मी दुसरा धरला. शेवटी उकडलेल्या रताळ्याची फोड मिळते हे तिला पक्कं माहीत झालंय, त्यामुळे फणी काढली की स्वतःच येऊन बसते.

रोज सकाळी उकळून थंड केलेल्या पाण्याने डोळे पुसते. कापसाचे तंतू आत राहतात म्हणून गॉजचा तुकडा, आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा. पुसताना आतून बाहेर. नंतर मऊ कापडाने ती जागा कोरडी करते. समुद्रावरून आलं की आधी साध्या पाण्याने तोंड धुणं.

दिवाळीच्या सुमाराला सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळतं तेव्हा तिला तिकडे नेतच नाही. कुत्र्याला डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते, कुसळ तिच्यामागे शिरलं तर बाहेरून दिसतही नाही. त्या दिवसांत फिरून आल्यावर पापण्यांच्या कडा बोटाने चाचपून बघते. एका डोळ्याने मिचकावत असेल, पंजाने डोळा चोळत असेल किंवा बुबुळावर निळसर झाक दिसली, तर त्याच दिवशी चिपळूण गाठायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, सासूबाईंनासुद्धा.