गोप्रेस्बिटराला व महाप्रसाद

२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. सकाळी साडेअकराच्या सुमारास कळमेश्वरकडचे एक काका हातात गुलाबी पत्रक धरून माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"ताई, हे गोप्रेस्बिटर कोन होय जी?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी पत्रक पुढे सरकवलं. भागवत सप्ताहाचं. रोजचा काकडा, हरिपाठ, कीर्तनकारांची नावं, सगळं बरोबर. आणि शेवटच्या दिवसापुढे ठळक टायपात: "सकाळी १० वाजता काल्याचे कीर्तन. दुपारी १२ वाजता गोप्रेस्बिटराला व महाप्रसाद."

एक हजार प्रती, दोरीने बांधून तयार.

मी नागपुरात महालातल्या एका छोट्या छापखान्यात डीटीपीचं काम करते. एकोणीस वर्षं झाली. पेजमेकर आणि जुन्या फाँटांपासून सुरुवात केली, आता इनडिझाइन आणि युनिकोड. चुका खूप केल्या आहेत. लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूच्या भावाचं नाव गेलं आहे, तेरवीच्या कार्डावर "सस्नेह निमंत्रण" गेलं आहे. पण छापखान्यात आजवर न वापरलेला शब्द मी स्वतः निर्माण केला, असं पहिल्यांदाच झालं होतं.

चूक कुठे झाली ते मला त्याच क्षणी कळलं, कारण त्या चुकीचं दुसरं टोक माझ्या डाव्या हाताला खुर्चीवर बसलं होतं. टीचर.

टीचर म्हणजे आमच्या जुन्या गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त होऊन आठेक वर्षं झाली असतील. त्यांच्या चर्चची नाताळची पत्रकं, उपासनेच्या पुस्तिका, कधी कोणाची शोकसभा, सगळं त्या आमच्याकडे आणतात आणि प्रूफ स्वतः वाचतात. लाल पेनाने नाही, पेन्सिलीने. या वेळचं काम होतं बारा पानी पुस्तिका, तीनशे प्रती. दुसऱ्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा स्थापना दिवस. त्यांच्या चर्चमध्ये त्यानिमित्त संध्याकाळची उपासना होती.

अशी पुस्तिका मी पहिल्यांदा लावली तेव्हा मला ते नाटक वाटलं होतं. डावीकडे "पाळक:", म्हणजे उपासना चालवणारा धर्मगुरू, आणि पुढे एक वाक्य. खाली "मंडळी:" आणि पुढे त्याचं उत्तर. आपल्याकडे मंडळी म्हणजे जमलेले लोक, नाहीतर जुन्या माणसांच्या बोलण्यात बायको. त्यांच्याकडे मंडळी म्हणजे चर्चच. इमारत नव्हे, माणसं.

तर गुरुवारी संध्याकाळी सातला टीचरचा फोन आला. "बेटा, सगळीकडे पाळक काढ आणि प्रेस्बिटर घाल. स्थापना दिवसाची उपासना आहे, अधिकृत शब्दच पाहिजे." मी फाइंड-चेंज उघडलं, वर पाळक, खाली प्रेस्बिटर, चेंज ऑल. खिडकी आली: ४२ बदल झाले. छान. ओके. पीडीएफ काढली, प्लेटला पाठवली. त्याच वेळी सप्ताहाची फाइलही उघडी होती, तिचं प्रूफ काकांच्या पुतण्याने दुपारीच व्हॉट्सॲपवर पास केलं होतं, म्हणून तीही तशीच पाठवली. सर्चच्या रकान्यात "डॉक्युमेंट"ऐवजी "ऑल डॉक्युमेंट्स" राहिलं आहे हे मी बघितलं नाही. गोपाळकाला या शब्दाच्या पोटात पाळक बसलेला आहे, हे तर कोणाला सुचणार?

शुक्रवारी मोजलं. पुस्तिकेतले पाळक चाळीस. एकेचाळिसावा सप्ताहाचा. मग बेचाळिसावा कुठे?

टीचरनी पिन मारायच्या बाकी असलेल्या पुस्तिकेचे कागद ओढले, सहावं पान काढलं आणि चष्मा वर केला. प्रार्थनेतली ओळ होती, "हे अनाथांच्या प्रतिपाळका". तिथे आता "हे अनाथांच्या प्रतिप्रेस्बिटरा" होतं.

त्या हसल्या नाहीत. हसू दाबलं, पण खांदे हलत होते. काकांना काय चाललंय ते कळेना. ते म्हणाले, "बाई, तुमाले हासू येऊन राह्यलं, मले गावात तोंड दाखवाचं हाय."

मालक आले. पुन्हा छापायचं म्हटलं तर मशीनवर लग्नपत्रिकांची रांग. तुळशीचं लग्न झाल्यावर आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. गुलाबी कागदही संपलेला. ठरलं असं की पुस्तिकेचा तो एक फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा ताव, दुपारी मध्येच घुसवून पुन्हा मारायचा, आणि पत्रकांवर स्टिकर लावायचे. अडीच इंच लांब, अर्धा इंच उंच, "गोपाळकाला". हजार. स्टिकरचा आणि फर्म्याचा खर्च माझ्या पगारातून, हे मालकांनी तोंडाने सांगितलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

काकांची परतीची बस दुपारची होती, ती गेली. फर्मा येईपर्यंत टीचरनाही थांबणं भाग होतं. बाइंडिंगच्या टेबलावर आम्ही तिघं आणि बाइंडिंगचा पोरगा स्टिकर लावायला बसलो.

पहिली शंभर पत्रकं कोणी बोललं नाही. मग काकांनी विचारलं, "पर हे प्रेस्बिटर म्हंजे काय जी?"

"आमचे पुरोहित म्हणा," टीचर म्हणाल्या.

"मंग पुरोहितच लिवाचं ना."

"तेच तर भांडण होतं."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी त्यांच्या पुस्तिका इतकी वर्षं लावते, मागच्या पानावरचा इतिहासाचा परिच्छेद दर वेळी कॉपी-पेस्ट करते, पण तो मी कधी वाचला नव्हता. वाचणं आणि टाइप करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डीटीपीवाल्या कोणालाही विचारा.

इंग्रजांच्या काळात सगळे मिशनवाले वेगवेगळे आले. अँग्लिकन, म्हणजे सरकारी साहेबांचं चर्च. त्यांचा नागपूर धर्मप्रांत १९०२ सालचा आणि पहिले बिशप, म्हणजे प्रांताचे प्रमुख धर्मगुरू, आयर चॅटरटन. (ते आधी हजारीबागला, म्हणजे छोटा नागपूरकडे होते. एका पुस्तिकेत मला छोटा नागपूर ही छपाईची चूक वाटली होती आणि मी छोटा काढून टाकलं होतं. टीचरनी ते पकडलं होतं.) दुसरीकडे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, ते यांचे. हिस्लॉप कॉलेजसमोरून मी रोज स्कूटीने जाते. ह्या लोकांत बिशप हे पदच नाही. वडील म्हणून निवडलेल्या माणसांनी कारभार चालवायचा. अँग्लिकन म्हणणार प्रीस्ट, हे म्हणणार मिनिस्टर, मराठीत पाळक. बाप्टिस्ट आणखी निराळे, त्यांच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा नाही. कळत्या वयात माणसाने स्वतः विश्वास कबूल केला तरच.

"आनि जेवनाखावनाचं?" काकांनी विचारलं. मला हा प्रश्न विचित्र वाटला. टीचरना अजिबात वाटला नाही.

"तोच मोठा पेच. प्रभुभोजन असतं आमचं. भाकर आणि द्राक्षारस. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून बिशपने दीक्षा दिलेली नाही, त्याने दिलेलं प्रभुभोजन अँग्लिकन नियमात बसत नव्हतं."

काकांनी स्टिकर हातातच ठेवला. "म्हंजे तुमच्यातबी पंगतीचं भांडन."

"होतं ना."

एक व्हायची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली. ती संपली १९७० मध्ये. एकेचाळीस वर्षं. मधे दुसरं महायुद्ध होऊन गेलं, स्वातंत्र्य मिळालं, फाळणी झाली. दक्षिणेतली मंडळी १९४७ मध्ये एकत्र येऊन मोकळीही झाली, आणि उत्तरेतल्यांचे मसुद्यावर मसुदे, मसुद्यावर मसुदे. शेवटी सहा चर्च एक व्हायला तयार झाली. सातवं, अमेरिकन मेथडिस्टांचं, ऐनवेळी ऑगस्टमध्ये मागे फिरलं. प्रेस्बिटर हा शब्द त्या तडजोडीतला. प्रीस्टही नको, मिनिस्टरही नको. बिशप राहतील, पण अँग्लिकन थाटाचे नाहीत. बाळाचा बाप्तिस्माही चालेल, मोठ्याचाही.

आणि सहांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते आपल्या नागपुरात. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. २९ नोव्हेंबर १९७०, रविवार, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. टीचर तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. त्यांना भाषणांतलं काही आठवत नाही. थंडी आठवते, आणि वडिलांच्या कोटाला येणारा डांबरगोळ्यांचा वास. त्या वडिलांना विचारत होत्या, आता कोण कोणाच्या डोक्यावर हात ठेवणार? कारण मुख्य विधी तोच होता, सगळ्यांची सेवकाई, म्हणजे धर्मगुरूपद, एक करण्याचा. बिशपने इतरांवर हात ठेवले तर अर्थ व्हायचा की ते आधी कोणीच नव्हते. म्हणून या बाजूच्यांनी त्या बाजूच्यांवर ठेवले आणि त्या बाजूच्यांनी या बाजूच्यांवर. त्यातून कोणाला नेमकं काय मिळालं, ते प्रार्थनेत मुद्दामच मोकळं सोडलं होतं.

"हे बेस केलं," काका म्हणाले. "आमच्या काल्यातबी असंच असते. हंडीत लाह्या कोनाच्या, दही कोनाचं, लोनचं कोनाचं, घातलं का कालवून टाकाचं. मंग कोनी विचारत नाई."

"कधीच विचारत नाहीत?" टीचरनी विचारलं.

काकांनी दोन-तीन स्टिकर लावले. मग म्हणाले, "आता नाई विचारत. पयले विचारत."

त्यानंतर दोघांची गट्टी जमली आणि माझ्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. मला ते बरंच वाटलं, कारण मी आठव्या पानावर अडकले होते. विनंतीच्या प्रार्थनेत कँटरबरीच्या नियोजित आर्चबिशपांचं, म्हणजे जगभरच्या अँग्लिकनांच्या होऊ घातलेल्या प्रमुखांचं, नाव होतं, सारा मलाली. ३ ऑक्टोबरला त्यांची निवड जाहीर झाली. त्या पदावर येणारी पहिली बाई. मी लिहिलं होतं मुलाली, टीचरनी पेन्सिलीने मलाली केलं होतं, आणि पुढच्या ओळीत कोणीतरी "त्यांना" ऐवजी सवयीने "त्याला" लिहिलं होतं. ते दुरुस्त करताना मी विचारलं, तिकडे सगळे खूश आहेत का? टीचर म्हणाल्या, खूश कुठले. १६ ऑक्टोबरला गॅफकॉन नावाच्या गटाने, त्यात आफ्रिकेतले बरेच बिशप, जाहीर केलं की कँटरबरीचं पुढारपण आता आम्हाला मान्य नाही. नुसतं बाईचं कारण नाही, जुनी भांडणं आहेत, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याचं आहे.

"मग तुमचं काय?"

"आमचं काय. आम्ही प्रार्थनेत नाव घेतो." आणि पुढचं पत्रक ओढलं.

आमचे स्टिकर वाकडे लागत होते. टीचरचे सरळ. शाळेत वह्यांना लेबलं लावायची सवय. तीनच्या सुमारास काका बाहेर गेले आणि सगळ्यांसाठी तर्री-पोहे घेऊन आले. मी म्हटलं, काका, चूक माझी आणि खर्च तुमचा? ते म्हणाले, भूक कोनाची हाय ते सांगा. टीचरना तर्री सोसत नाही. त्यांनी वरचे पोहे खाल्ले आणि रस्सा बाइंडिंगच्या पोराच्या प्लेटमध्ये ओतला.

साडेचारला फर्मा आला. "हे अनाथांच्या प्रतिपाळका." मी ती ओळ मोठ्याने वाचली, बोट ठेवून. मग पुस्तिकेतले सगळे चाळीस प्रेस्बिटर एकेक करून तपासले. पाचच्या आत पुस्तिका पिना मारून, कटिंग होऊन तयार झाल्या. काकांचा गठ्ठाही बांधला. गुलाबी कागदावर पांढरा पट्टा लांबूनही दिसत होता. काका म्हणाले, जखमेवर पट्टी मारल्यावानी दिसते, पर चालते.

निघताना टीचरनी स्टिकर न लावलेलं एक पत्रक मागितलं. आमच्या प्रेस्बिटरना दाखवते म्हणाल्या, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. काकांनी त्यांना काल्याचं आमंत्रण दिलं. त्यांनी तारीख विचारली आणि पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून घेतली. गेल्या की नाही, मी विचारलेलं नाही.

मंगळवारी काकांचा फोन आला. मला वाटलं, आता आणखी काय निघालं.

"ताई, दहा-बारा पत्रकं स्टिकरविना गेले वाटते. पोट्टे जीव खाऊन राह्यले माहा."

"काय म्हणतात?"

"इचारतेत, गोप्रेस्बिटर कोन्या गाडीनं येऊन राह्यले."